पोरानं काय घेतलं? सायन्स, आर्ट्स की उदगीरची गाडी?

एसएसएलसीचा निकाल लागला की भालकीच्या बसस्थानकापासून खेड्यातल्या पारापर्यंत आठ-पंधरा दिवस एकच विचारणा चालते : "पोरानं काय घेतलं?" याचे उत्तर बहुधा मार्कमेमोवरच लिहिलेले असते. मार्क भरपूर पडले तर सायन्स, बेताचे पडले तर कॉमर्स आणि काठावर निभावले तर आर्ट्स. पोराला काय आवडते, त्याचे डोके कशात चालते, हे विचारायला कोणाला सवड नसते. हे सगळीकडेच आहे म्हणा. पण आपल्या सीमाभागात मार्कांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पोराचे विषय ठरवतात : शाळेचे माध्यम, दोन राज्यांचे नियम आणि उदगीरकडे जाणारी रेल्वे.

आधी माध्यमाचे पाहू. या मातीला भाषेचा झगडा नवा नाही. निजामाच्या राजवटीत शिक्षण उर्दूत होते, त्या काळात भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही गोष्ट तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. आईच्या भाषेतून लेकराला शिकू द्यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. मराठी भाषिकाची मागणी याहून वेगळी नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी घटनेत ३५० (अ) हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. प्राथमिक शिक्षण, हे लक्षात ठेवावे. त्यापुढचे घटनेने बांधून दिलेले नाही, आणि आपली पोरे अडखळतात ती नेमकी त्यापुढेच.

एसएसएलसीला एकूण ६२५ मार्क. त्यांत पहिल्या भाषेचे १२५ आणि बाकी पाच विषयांचे शंभर-शंभर. मराठी माध्यमाचा विद्यार्थी पहिली भाषा मराठी घेतो, गणित-विज्ञान मराठीतून लिहितो आणि चांगले मार्क घेऊन सायन्सला जातो. जूनमध्ये पीयूसीचे वर्ग सुरू होतात आणि फिजिक्सचा पहिला तास इंग्रजीतून होतो. काल वर्गात सर्वांत आधी हात वर करणारा पोरगा आज मागच्या बाकावर गप्प बसतो. त्याला वेग कळतो, बल कळते, दाब कळतो. 'व्हेलॉसिटी', 'फोर्स', 'प्रेशर' हे त्याच गोष्टींचे दुसरे नाव आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. सहामाहीत तो नापास होतो आणि घरचे म्हणतात, "याला सायन्स झेपत नाही." न झेपायला विषय त्याच्यापर्यंत पोचला तर पाहिजे!

यावर तोडगा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आठवीपासून विज्ञानाच्या वहीत प्रत्येक मराठी संज्ञेसमोर तिचा इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहायचा. शिक्षकांनी तासाची शेवटची दहा मिनिटे यासाठी राखली तर तीन वर्षांत शे-पाचशे शब्द सहज होतात. गणिताला हा त्रास कमी, कारण चिन्हे सगळीकडे एकच. सर्वांत जास्त त्रास जीवशास्त्राचा, आणि डॉक्टर व्हायचे म्हणून सर्वांत जास्त ओढाही तिकडेच.

नीट परीक्षा मराठीतून देता येते, असे कोणी सांगितले की पालक निर्धास्त होतात. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बीदर किंवा कलबुर्गी केंद्र घेतले तर पर्याय इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड. फॉर्म भरतानाच हे पाहिले पाहिजे.

आता कन्नडबद्दल. २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. २०१५-१६ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वर चढवायची, असे ठरले. सक्तीबद्दल प्रत्येकाचे मत असेल. आमचे म्हणणे एवढेच की रागापोटी कन्नड कच्चे ठेवण्यात नुकसान पोराचे आहे. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या नोकऱ्यांना कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तहसील, बँक, पोलीस ठाणे सगळीकडे तीच भाषा. कन्नड येणारा मराठी माणूस आपल्या गावाच्या मराठी शाळेसाठी अर्जही चांगला लिहू शकतो.

गाडीचे काय? बीदर-भालकी-कमलनगर-उदगीर हा रेल्वेमार्ग पुढे लातूर रोडला मिळतो. ज्याच्या घरी दोन पैसे आहेत तो पोराला अकरावीला उदगीर-लातूरला पाठवतो. 'लातूर पॅटर्न'चे नाव आहे, आणि घरातली भाषा तिथे बाजारातही चालते. मुलीच्या बाबतीत मात्र खोली, मेस, सोबत यांचा हिशेब होतो आणि हुशार मुलगी गावाजवळ मिळेल ते घेते. तिचे विषय एसटीच्या वेळापत्रकाने ठरतात, हे कोणी बोलून दाखवत नाही.

दोन राज्यांच्या मध्ये राहण्याने तोटा होतो तसा, कागद नीट असतील तर, थोडा फायदाही होतो. कर्नाटकाच्या सीईटीला सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून उत्तीर्ण झालेली असावी. म्हणजे दहावी भालकीत केलेला पोरगा लातूरला गेला म्हणून आपोआप बाद होत नाही. त्यातच घटनेचे ३७१ (जे) कलम. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या या कलमाखाली आपल्या भागातल्या संस्थांत ७० टक्के आणि उरलेल्या राज्यात ८ टक्के जागा इथल्या स्थानिकांना आहेत. त्यासाठी महसूल खात्याचे प्रमाणपत्र लागते. पलीकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'प्रकार ई' म्हणून वेगळी पात्रता आहे. वैद्यकीयलाही थोड्या जागा असतात. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, प्रवेशाची तारीख मात्र दर वर्षी ठरल्या दिवशी संपते. दोन्हीकडच्या माहितीपुस्तिका त्या त्या वर्षी वाचून घ्याव्यात. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

आणि सगळ्यांनी सायन्सच का घ्यावे? एके काळी डी.एड. केले की मराठी शाळेत मास्तर, ही हमी होती. आता ती राहिलेली नाही, म्हणून गर्दी सायन्सकडे वळली. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. भालकीतच इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आयटीआय केलेल्या वायरमनला कोणी रिकामा बसलेला पाहिला आहे काय? आर्ट्स घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यालाही 'ढ' म्हणायचे कारण नाही.

एक वाट तर अगदी दाराशी आहे आणि आपल्याकडे तिची चर्चाच होत नाही. कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ बीदरला आहे. देवणी जनावरांचा हा मुलूख; ज्याच्या गोठ्यात देवणी बैल त्याच्या घरी जनावरांचे अर्धे वैद्यक पिढीजात असते. पीयूसीला जीवशास्त्र घेऊन सीईटी द्यावी लागते आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. त्या जागांसाठी शेतीची एक प्रात्यक्षिक परीक्षाही असते. तिथे समोर बियाणे आणि अवजारे ठेवतात आणि ओळखायला सांगतात.