आपत्तिकालीन स्थलांतराचे मार्गनियोजन

संकटग्रस्त प्रदेशातून माणसे बाहेर काढणे हा केवळ वाहनांच्या उपलब्धतेचा प्रश्न आहे, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः तो रस्त्यांची क्षमता, निघण्याचा क्रम आणि जाण्याची दिशा या तिहींचा प्रश्न आहे. शिवाय, केलेली योजना लोकांपर्यंत पोहोचते ती अखेरीस एखाद्या आज्ञार्थी वाक्याच्या रूपाने. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही तिचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम क्षमतेचा विचार करू. महामार्गाच्या एका मार्गिकेवरून अनुकूल स्थितीत ताशी सुमारे १,८०० ते २,००० मोटारी जाऊ शकतात. गर्दीने विशिष्ट मर्यादा ओलांडली की वेग मंदावतो आणि बाहेर पडणाऱ्या मोटारींची संख्या वाढण्याऐवजी घटते. समजा, १० लक्ष मोटारी २० मार्गिकांवरून प्रत्येकी ताशी १,५०० या दराने निघाल्या, तरी त्यांस ३३ तासांहून अधिक काळ लागेल. तेव्हा सर्वांनी एकाच वेळी निघणे म्हणजे बहुतेकांनी रस्त्यातच अडकणे होय.

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन परिसराने याचा अनुभव घेतला. कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सची केलेली दुर्दशा महिन्याभरापूर्वीचीच होती. त्यामुळे रिटा वादळाची सूचना मिळताच किनाऱ्यावरील रहिवाशांबरोबर सुरक्षित भागांतील लोकही निघाले. एकूण संख्या २५ लक्षांच्या घरात गेली. मोटारींचे इंधन रस्त्यातच संपले. परतीच्या मार्गिका बाहेर जाण्यासाठी खुल्या करण्याचा निर्णय ऐनवेळी घ्यावा लागला. २३ सप्टेंबर रोजी डॅलसनजीक वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण दगावले. वादळाच्या प्रत्यक्ष तडाख्याने मेलेल्यांपेक्षा स्थलांतरात मेलेल्यांची संख्या अधिक भरली.

मार्गिकांची दिशा बदलणे हा उपाय उपयुक्त खरा. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. जेथे त्या मार्गिका पुन्हा मूळ रस्त्यास मिळतात, तेथे नवी कोंडी निर्माण होते. तसेच रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि इंधनाच्या गाड्या यांना संकटाच्या दिशेनेच जावयाचे असते. सर्व मार्गिका बाहेर जाणाऱ्यांना दिल्या, तर मदतीचा मार्गच खुंटतो. यास्तव एक मार्गिका बचावकार्यासाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील पानशेतच्या पुराचे स्वरूप याहून निराळे होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही भंगले. पुण्यात लकडी पुलासारखे नदीवरील पूलच पाण्याखाली गेले. येथे मार्गिका मोजून भागत नाही; जो मार्ग आपत्तीत प्रथम नाहीसा होतो, तो योजनेत मार्ग म्हणून धरूच नये. नदीकाठच्या नगरात प्रत्येक वस्तीचे आश्रयस्थान तिच्याच तीरावर, उंचावर व शक्यतो पायी गाठता येईल असे असले पाहिजे.

आता आज्ञेच्या वाक्याकडे वळू. ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; परंतु त्यातील कर्ता अमर्याद आणि स्थळ अनिश्चित आहे. अपादान, म्हणजे कोठून, व करण, म्हणजे कोणत्या मार्गाने, यांचा तर त्यात उल्लेखही नाही. असे वाक्य ऐकणारा प्रत्येक जण स्वतःलाच कर्ता समजतो, आणि न निघावयाची माणसेही रस्त्यावर येतात. याउलट, ‘नदीकाठच्या अमुक गल्लीतील रहिवाशांनी आपल्या घरांतून पाच वाजण्यापूर्वी शाळेमागील रस्त्याने टेकडीवर पायी जावे, इतरांनी घरीच थांबावे’ या आदेशात कारके व काल निश्चित आहेत, आणि ज्यांनी निघू नये त्यांनाही स्पष्ट सूचना आहे.

मात्र असे वाक्य संकटाच्या घटकेस सुचत नाही. ज्या गल्लीचा मार्ग आणि आश्रयस्थान आधीच ठरलेले असते, त्याच गल्लीसाठी ते लिहिता येते. आदेशातील संदिग्धता ही बहुधा योजनेतील उणिवेचीच खूण असते. आणि तिचे मोल अखेरीस वृद्धांना, रुग्णांना व बालकांनाच सर्वांत अधिक द्यावे लागते.