आम्स्टरडॅमचे अडीच दिवस

हॉलंडांत नोकरीस असलेल्या आप्तांकडे उन्हाळ्याच्या सुटींत जाणारीं मराठी कुटुंबें आतां थोडीं नाहींत. अशा प्रवासांत आम्स्टरडॅम शहराच्या वांट्यास बहुधा दोन-अडीच दिवसच येतात. एवढ्या अवधींत काय पाहावें हें कोणीहि सांगेल. तिकिटें कोणत्या क्रमानें काढावीं, हा खरा प्रश्न आहे.

दाराशीं जावें, पैसे मोजावे व आंत शिरावें, ही आपल्या अंगवळणीं पडलेली रीत तेथें सर्वत्र चालत नाहीं. प्रिन्सेनग्राख्त नांवाच्या कालव्याच्या कांठीं ॲन फ्रँक हिचें घर आहे. त्याचें तिकीट दाराशीं मिळतच नाहीं. दर मंगळवारीं तेथील सकाळच्या दहा वाजतां, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीचीं तिकिटें इंटरनेटवर खुलीं होतात व पाहतां पाहतां संपतात. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें. म्हणजे त्या वेळीं आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. मेच्या मध्यास जाणाऱ्यानें एप्रिलच्या आरंभींचा मंगळवार हातचा दवडूं नये. हें एक तिकीट हातीं आलें, कीं बाकीचा सर्व बेत त्याच्या भोंवतीं बसवावा.

एका घरासाठीं इतकी यातायात कां, असें मुलें विचारतील. ॲन ही ज्यू कुटुंबांतील मुलगी. १२ जून १९४२ रोजीं, तेराव्या वाढदिवशीं, तिला एक वही भेट मिळाली. पुढें महिनाहि लोटला नाहीं, तोंच तिच्या थोरल्या बहिणीस जर्मनीस मजुरीसाठीं हजर होण्याचें फर्मान आलें. आणि ६ जुलैस सारें कुटुंब वडिलांच्या कचेरीमागील खोल्यांत लपलें. एकंदर आठ माणसें तेथें दोन वर्षांहून अधिक काळ राहिलीं. खालीं कामगार असत, म्हणून दिवसा मोठ्यानें बोलण्याचीहि चोरी! ४ ऑगस्ट १९४४ रोजीं तीं पकडलीं गेलीं. आठांपैकीं एकटे वडील, ऑटो फ्रँक, जिवंत परतले. ॲनची ती वही आज जगभर वाचली जाते. पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागून आंत गेल्यावर ज्या खोल्या लागतात, त्या वडिलांच्याच इच्छेनें रिकाम्या ठेवल्या आहेत. तेथें छायाचित्रें घेण्यास मनाई आहे, आणि तें बरेंच झालें. जिने मात्र फार उभे आहेत. आजी-आजोबांस याची आधींच कल्पना द्यावी. बाहेर पडल्यावर मुलें कांहीं वेळ बोलत नाहींत. म्हणून त्यानंतर लगेच दुसऱ्या तिकिटाची वेळ ठेवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

व्हॅन गॉग चित्रसंग्रहालयाचेंहि तिकीट वेळ ठरवून आधींच घ्यावें लागतें. अठरा वर्षांखालील मुलांस तें विनामूल्य असतें, तरी त्यांच्या नांवचेंहि काढावयाचें असतें; येथेंच पालक चुकण्याचा संभव. जवळच राइक्सम्यूझियम आहे. रेम्ब्रांटचें १६४२ सालचें 'रात्रीचा पहारा' हें प्रचंड चित्र तेथें पाहावयास मिळतें. दोन्ही संग्रहालयें एकाच दिवशीं उरकणें शक्य आहे, पण शहाणपणाचें नाहीं. दोन तासांनंतर लक्ष चित्रांवरून पायांवर येतें. एक आज सकाळीं, दुसरें उद्यां सकाळीं, एवढें पुरे. हाच रेम्ब्रांट १६६९ सालीं वेस्टरकेर्क या देवळांत पुरला गेला, आणि तें देऊळ ॲनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही स्थळें एका फेरींत होतात.

राहिलेल्या संध्याकाळीं मोकळ्याच ठेवाव्या. कालव्यांच्या कांठानें हिंडावयास तिकीट लागत नाहीं, आणि जूनमध्यें तेथें रात्रीं दहापर्यंत उजेड असतो. मुलांस घरांच्या माथ्यांकडे पाहावयास सांगावें. प्रत्येक जुन्या घरास वर एक लोखंडी आंकडा दिसेल. आंतील जिने इतके अरुंद, कीं कपाटें-पलंग त्या आंकड्याला दोर लावून खिडकींतून वर ओढून घेतात.