डॉक्टर होण्याआधीचे एक वर्ष

दिवाळीच्या फराळाभोवती घरोघरी जी बोलणी निघतात, त्यांत एक विषय हल्ली ठरलेला असतो. घरात बारावीचे मूल असले, की चकली मोडता मोडता कोणीतरी काका विचारतातच, "मग काय, मेडिकलला जायचे ना?" मूल खाली मान घालते आणि वडील हसत म्हणतात, "बघू या. यंदा नाही जमले तर पुढल्या वर्षी पुन्हा बसेल."

हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! पण ते पुन्हा बसण्याचे एक वर्ष म्हणजे काय, ह्याचा हिशेब कधी मांडला आहे का? त्यात क्लासची फी आली, परगावची खोली आली, खानावळ आली, सराव परीक्षा आल्या. शिवाय हिशेबाच्या वहीत न लिहिता येणारी एक गोष्ट असते. ती म्हणजे वर्षभर घराला चार पैशांचा हातभार न लावण्याची मुभा. आपल्या घरात ती न मागता मिळते.

आता दुसरे एक घर डोळ्यांपुढे आणा. ते पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात असेल, जावळीत असेल, शिराळ्याच्या डोंगरात असेल. नाहीतर उलट्या अंगाला, माण, आटपाडी किंवा जतच्या दुष्काळी माळावर असेल, आणि आईबाप हंगामात ऊसतोडीला जात असतील. मुलगी शाळेत पहिली आलेली. अकरावी-बारावी तिने तालुक्याच्या गावी एस.टी.ने जाऊन-येऊन केली. प्रवेशपरीक्षेत तिचे गुण थोडक्यासाठी कमी पडले. शहरातल्या मुलाचेही तेवढेच कमी पडले असतील. तो पुन्हा बसतो आणि डॉक्टर होतो. ती मात्र बसत नाही. दोघांत हुशारीचे अंतर नव्हते. अंतर होते ते एका वर्षाचे.

ह्यावर कोणी म्हणेल, "अहो, सरकारने थोड्या का सवलती दिल्या आहेत?" दिल्या आहेत, आणि त्यांची माहिती प्रत्येक पालकाला असायला हवी. ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा, म्हणजे 'नीट', २०१७ सालापासून मराठीतूनही देता येते. राखीव जागा आहेतच. शिवाय डोंगरी भागातल्या मुलांसाठी थोड्या जागा निराळ्या ठेवलेल्या असतात. त्यासाठीचे दाखले मात्र आधीपासून जमवून ठेवावे लागतात. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. 'महाज्योती'सारखी संस्था निवडक विद्यार्थ्यांना तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट पुरवते. मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे आणि साताऱ्यालाही २०२१-२२ मध्ये शंभर जागांचे महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत दार आहे आणि ते किलकिलेही झाले आहे.

पण फीमाफी मिळते ती प्रवेश मिळाल्यावर. टॅब मिळाला, तरी अडलेले गणित शेजारी बसून समजावणारे माणूस त्यातून येत नाही. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. प्रश्नाला एक मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. एवढा वेग अंगी येतो तो सरावाने, आणि सरावाला निवांतपणा लागतो. दारापर्यंतच्या ह्या शेवटच्या पायरीला आपल्याकडे सरकारी नाव नाही. ज्याला परवडते तो ती विकत घेतो, इतकेच.

इंग्लंडात हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला गेला. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ साली आणि साउथॅम्प्टनच्या विद्यापीठाने २००२ साली, ज्यांच्या घरात किंवा शाळेत उच्च शिक्षणाची वाट मळलेली नाही अशा मुलांसाठी पाच वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सहा वर्षांचा करून दिला. प्रवेशासाठी गुणांची अट थोडी सैल केली आणि एक वर्ष जास्त दिले. हे वर्ष बाहेरच्या क्लासात जात नाही, कॉलेजातच जाते. मूल पहिल्या दिवसापासून त्या संस्थेचे विद्यार्थी असते.

"म्हणजे कच्चे डॉक्टर!" असे पुटपुटणारेही असतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की तेथे सवलत आत येताना आहे, बाहेर पडताना नाही. डॉक्टर होण्याची कसोटी सर्वांना एकच.

ही कल्पना परदेशी म्हणून बाजूला सारायचे कारण नाही. कृष्णाकाठाने ती फार पूर्वी पाहिली आहे. विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरने मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडले आणि तीनच वर्षांनी तेथेच वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला. पुढे १९६२ साली मिरजेचे सरकारी महाविद्यालय उभे राहिले तेही ह्याच रुग्णालयाचा हात धरून.

आणि भाऊराव! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही, त्याला राहायला जागा, दोन वेळची भाकरी आणि अभ्यासाला सोबत लागते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि काम करून शिकली. एकदा कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ह्या मुलांसाठी आपले मंगळसूत्रसुद्धा काढून दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही 'कमवा आणि शिका' ह्याच पायावर. आज डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला जे हवे आहे ते ह्याहून निराळे आहे काय?

आजही असे प्रयत्न होतात. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सुमारास 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम सुरू करून गरीब घरच्या मुलांना ह्या परीक्षेसाठी विनामूल्य शिकवायला घेतले. आपण नुकतीच चढलेली पायरी मागच्याला दाखवायची, एवढीच त्यामागची साधी गोष्ट.

मग साताऱ्याला आणि मिरजेला हे का होऊ नये? दोन्हीकडे परीक्षा ताजी पार केलेली शेकडो मुले आहेत. वसतिगृहांची परंपरा आहे. उणीव आहे ती एका वर्षाच्या बांधीव व्यवस्थेची. प्रवेश थोडक्यात हुकलेल्या डोंगरी आणि दुष्काळी तालुक्यांतल्या मुलांना त्या कॉलेजांच्या आधाराने राहायला, जेवायला आणि शिकायला मिळावे. आठवड्यातून एकदा रुग्णालयात नेऊन, आपण कशासाठी रात्री जागतो आहोत हे त्यांना दाखवावे. सरकारने मनावर घेतले तर उत्तमच. पण भाऊराव काही सरकारची वाट पाहत बसले नव्हते.

आणि ह्यात आपला स्वार्थही आहे. रात्री दोन वाजता कोयनेच्या खोऱ्यात एखादी बाळंतीण अडते, तेव्हा तेथे आनंदाने राहील असा डॉक्टर कोठून येणार? ज्याला तो पाऊस, तो घाट आणि ती माणसे ठाऊक आहेत, त्याच्याच राहण्याची आशा जास्त.

तेव्हा ह्या दिवाळीत फराळाला बसताना "पुन्हा बसेल" हे वाक्य बोललात, तर क्षणभर थांबा. आपले मूल क्लास संपवून मोकळे झाले असेल, तर त्याची पुस्तके आणि टिपणे रद्दीत घालू नका. घरात एखादी खोली रिकामी असेल, तर तिचाही विचार करा. कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी कितवीत आहे, हे तरी एकदा विचारून पाहा. कदाचित तिला एकच वर्ष हवे असेल.