वाऱ्यापुढची ढाल : आखूड की उंच?

पायी चालणाऱ्या माणसाला वारा हवाहवासा वाटतो. सायकल चालवणारा कुरकुरत का होईना, पण त्याच्याशी जमवून घेतो. मोटारसायकलस्वाराला मात्र तो जन्माचा सोबती म्हणूनच पत्करावा लागतो. जिला आपण अजूनही लाडाने फटफटी म्हणतो, तिच्यावर बसून माणूस गावाबाहेर पडला, की भोवतालचे पानही हलत नसले तरी त्याच्यापुरते वादळ सुरू होते. कारण ते वादळ त्याच्या वेगानेच उठवलेले असते. या वादळापासून बचाव व्हावा म्हणून हँडलपुढे एक पारदर्शक ढाल बसवतात. दुकानदार तिला विंडशील्ड म्हणतो, गॅरेजवाला नुसतीच ‘काच’ म्हणतो. आणि वस्तुतः ती काचेची नसून प्लॅस्टिकची असते. ही काच आखूड घ्यावी की उंच, हा प्रश्न टोपीचा रंग निवडण्याइतकाच क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु स्वाराचे कान, त्याची मान आणि पावसाळी रात्रीची त्याची नजर, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तराशी बांधलेल्या आहेत; म्हणून त्याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करणे अगत्याचे आहे.

माझे एक स्नेही पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत मोटारसायकलने गेले होते. वय पन्नाशीच्या आसपास, गाडी सरळ ताठ बसून चालवण्याच्या जातीची. निघण्यापूर्वी त्यांनी मध्यम उंचीची एक काच बसवून घेतली. साताऱ्यापर्यंत ते खूष होते. छातीवरचा वाऱ्याचा रेटा नाहीसा झाला होता, शर्ट फडफडत नव्हता. पण बेळगाव येईतो त्यांचे डोके दुखू लागले. हेल्मेट जणू कोणी अदृश्य हातांनी दोन्ही बाजूंनी हालवत होते आणि आत सारखी घरघर चालू होती. रात्री मुक्कामी पोचल्यावर आजूबाजूला सामसूम असतानाही त्यांच्या कानांत रातकिडे ओरडत राहिले. त्यांनी दोष दिला हेल्मेटला, आणि पुढच्या गावी नवे हेल्मेट घेतले. घरघर तसूभरही कमी झाली नाही. दोष हेल्मेटचा नव्हताच. तो होता काचेच्या वरच्या काठाचा.

हे कसे, ते समजण्यासाठी आधी वाऱ्याचे बळ पाहू. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. स्वाराची छाती, खांदे आणि डोके मिळून वाऱ्याला आडवी येणारी जागा अर्धा चौरस मीटर धरली, तर ढोबळ हिशेबाने ताशी ५० किलोमीटर वेगाला तिच्यावर सुमारे ६ किलो वजनाइतका रेटा येतो. ताशी १०० किलोमीटरला तोच २४ किलोंच्या जवळ जातो. शहरातल्या शहरात हिंडणाऱ्याला काचेची गरज का भासत नाही, आणि महामार्गावर दिवसभर चालणाऱ्याचे खांदे संध्याकाळी का भरून येतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता काच काय करते ते पाहा. आपली समजूत अशी असते, की काच वारा अडवते. वारा अडत नाही, तो वळतो. वाऱ्याची मोट बांधता येत नाही असे आपण म्हणतो ते खरेच आहे. पण त्याला पाट काढून देता येतो. काच म्हणजे असा एक पाटच होय. ओढ्याच्या मध्यावर पडलेला धोंडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पाणी त्याच्यावर चढून एखाद्या गुळगुळीत चादरीसारखे पुढे सरकते, धोंड्याच्या मागे मात्र भोवरे फिरत राहतात. वरची धावती चादर आणि खालचे भोवरे जेथे एकमेकांना भिडतात, तेथे पाणी सर्वांत अधिक खळबळते. काचेच्या काठावरून निघालेल्या हवेचेही हेच होते. वर वेगवान पण एकसारखा प्रवाह, खाली काचेच्या आडोशाची संथ हवा, आणि दोहोंच्या सीमेवर खळबळीचा एक पट्टा. हा पट्टा काठापासून मागे सरकताना काही बोटे वर चढतो आणि रुंदावतही जातो.

काच कोणतीही बसवा, हा पट्टा नाहीसा होत नाही. तो कोठे पडावा एवढेच आपल्या हाती असते. काच आखूड असली तर तो छातीवर किंवा खांद्यांवर पडतो. तेथे त्याचा उपद्रव थोडा, कारण खांद्यांना कान नसतात. आणि डोके वरच्या स्वच्छ प्रवाहात राहते. तेथे वारा लागतो खरा, पण एकसारखा लागतो. काच पुरेशी उंच असली तर पट्टा हेल्मेटच्या डोक्यावरून निघून जातो आणि डोके आडोशाला येते. या दोहोंच्या मधली काच मात्र तो पट्टा नेमका हेल्मेटवर आणून आदळते. माझ्या स्नेह्यांना मध्यममार्ग शहाणपणाचा वाटला होता. व्यवहारात तो पुष्कळदा असतोही. पण काचेच्या बाबतीत तोच सर्वांत वाईट ठरण्याचा संभव अधिक.

ही घरघर केवळ त्रासदायक असती तर तिच्यासाठी एवढा खल करण्याचे कारण नव्हते. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटाच्या आतला वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात, कधी त्याहूनही वर जातो. कानांच्या आरोग्याचा सर्वमान्य हिशेब असा आहे, की ८५ डेसिबल आवाज दिवसातून ८ तास सोसावा. त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. पुण्याहून बेळगावला पोचेपर्यंत ही मर्यादा किती वेळा ओलांडली गेली असेल याचा अंदाज प्रत्येकाने करावा. अंतःकर्णातल्या शंखाकृती नळीत ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून काच आखूड असो वा उंच, लांबच्या प्रवासात कानांत फोमचे बोळे घालावेत. त्यांनी वाऱ्याची घरघर दबते, आणि मागच्या गाडीचा भोंगा तरीही ऐकू येतो.

आमच्या स्नेह्यांनी यावरून धडा घेतला तो दुसऱ्या टोकाचा. पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातली सर्वांत उंच काच आणली. तिचा काठ त्यांच्या भुवयांच्याही वर जात होता. दिवसा, कोरड्या हवेत, ती त्यांना वरदान वाटली. हेल्मेटात एवढी शांतता, की इंजिनाची टकटक ओळखू यावी. पण ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी घाटात त्यांना तिने खरे रूप दाखवले. मोटारीच्या काचेला पाणी पुसणारा दांडा असतो, मोटारसायकलच्या काचेला तो नसतो. काचेवर पावसाचे थेंब, आतून बाष्प, मधे हेल्मेटची आणखी एक काच, आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा प्रकाश काचेवरच्या प्रत्येक ओरखड्यात फुटून पसरलेला. रस्ता कोठे संपतो आणि दरी कोठे सुरू होते, हे कळेना. काचेवरून पाहावे म्हणून ते पायटांवर उभे राहून, वाकड्या मानेने, पायी चालण्याच्या वेगाने घाट उतरले. शेजारी दरी असताना अशा रीतीने गाडी चालवणे किती धोक्याचे, हे सांगायला नकोच.

यातून काच निवडण्याचा पहिला नियम निघतो : काचेमधून पाहायचे नाही, काचेवरून पाहायचे. उंच काच घ्यायची असेल तर आपण नेहमीच्या बैठकीत बसलो असता तिचा वरचा काठ नाकाच्या शेंड्याच्या पातळीला, फार तर त्याहून किंचित खाली यावा. प्रवाह काठावरून निघून काही बोटे वर चढतो हे आपण पाहिलेच. त्यामुळे नजर काचेच्या वरून मोकळी राहते आणि तरीही वारा पुष्कळांच्या बाबतीत हेल्मेटवरून निघून जातो. म्हणूनच ‘या गाडीला अठरा इंची काच लागते’ असे कोणी सांगितले तर ते अर्धेच सत्य समजावे. काच गाडीच्या मापाची नव्हे, स्वाराच्या नाकाच्या मापाची घ्यायची असते. एकाच गाडीवर बसणाऱ्या उंच आणि ठेंगण्या भावांना एकच काच मानवणार नाही.

उंच काचेचे आणखी दोन दोष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा, की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरण्यासाठी मागची हवा पुढे धावते. स्वाराला पाठीत आणि मानेत कोणी पुढे ढकलत असल्याचा भास होतो. काचेच्या तळाशी थोडी फट ठेवली, तर तेथून शिरलेली हवा ती पोकळी भरते आणि ही ढकल बरीच कमी होते. मागे बसणाऱ्याचे आसन बहुधा उंच असते; तेव्हा पुढच्याच्या डोक्यावरून गेलेला खळबळीचा पट्टा नेमका मागच्याच्या तोंडावर येतो. ज्या गाडीवर नेहमी दोघे बसतात, तिची काच एकट्याच्या सोयीने निवडणे हा अन्याय होय.

दुसरा दोष बाजूच्या वाऱ्याचा. तिरुनेलवेलीहून नागरकोइलकडे जाताना मुप्पंदलच्या परिसरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पवनचक्क्यांचे रान पसरलेले आहे. जेथे पवनचक्क्या उभ्या आहेत, तेथे वारा फुकट मिळतो हे उघडच आहे; नैर्ऋत्य मान्सूनच्या महिन्यांत डोंगरांमधल्या खिंडीतून तो बेफाम वाहतो. वेगळी विकत घेऊन जोडलेली काच बहुधा हँडलाला किंवा दिव्याजवळ बसवलेली असते. बाजूचा झोत अशा रुंद, उंच काचेवर आदळला की तो हँडलच वळवू पाहतो, आणि गाडी वारा प्यायलेल्या वासरासारखी वागू लागते. आखूड काचेवर हा झोत कमी जोर करतो. गाडीच्या सांगाड्याला बसवलेले आवरण हँडलाला ओढत नाही, हा त्याचा मोठा गुण.

या दोषाचा अनुभव शर्यतींच्या जगाने फार पूर्वी घेतलेला आहे. १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाकसुद्धा झाकणारी मोठी आवरणे बसवत. त्यांनी वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाड्या भरकटू लागल्या. आणि आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५८ च्या हंगामापासून ती आवरणे बंद केली. पुढे बीएमडब्ल्यू कंपनीने इटलीतील पिनिनफारिना यांच्या वायुबोगद्यात प्रयोग करून १९७६ मध्ये आर १०० आरएस ही गाडी बाजारात आणली. तिचे आवरण सांगाड्याला जोडलेले होते आणि त्याचा आकार वाऱ्याने ठरवला होता. आज काही महागड्या गाड्यांना बटण दाबून वरखाली करता येणारी काच असते. एवढ्या खटाटोपानंतर यंत्रज्ञांनीही हेच कबूल केले, की सर्व स्वारांना आणि सर्व ऋतूंना चालेल अशी एक उंची नाही.

मग आपल्यासारख्या सामान्य माणसाने निवड कशी करावी? त्याला वायुबोगदा नको. एक मोकळा, सरळ रस्ता आणि थोडी सावधगिरी पुरे. स्थिर वेगाने जात असता आसनावरून दोनचार बोटे उंच व्हावे, आणि नंतर थोडे खाली वाकून पाहावे. उंच झाल्यावर घरघर थांबली, तर आपले डोके पट्ट्यातून स्वच्छ प्रवाहात गेले. अर्थात आपल्याला आखूड काच मानवेल. वाकल्यावर थांबली, तर काच उंच हवी. काचेच्या काठाला आणि हेल्मेटला लोकरीचे वीतभर धागे चिकटवावेत आणि मागे बसलेल्याला ते न्याहाळायला सांगावे. सरळ मागे पडलेला धागा शांत प्रवाह दाखवतो, चहूकडे थरथरणारा धागा खळबळ दाखवतो. वायुबोगद्यातले तज्ज्ञही हीच युक्ती वापरतात.

याच्या जोडीला आपला प्रदेश आणि ऋतू ध्यानात घ्यावा. कोकणात, केरळात किंवा कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात उंच काचेमागे बसणे म्हणजे स्वतःला उकडून घेणे. तेथे घाम वाळवणारा वारा हवा असतो. उलट हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात पहाटे निघणाऱ्याचे गणित निराळे. १० अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला ४-५ अंशांच्या थंडीसारखा लागतो. लडाखात हवा विरळ असल्याने वाऱ्याचा रेटा कमी भासतो, पण थंडी त्याची भरपाई करते. जो बहुतांशी शहरात, ताशी पन्नास-साठच्या आत फिरतो, त्याने आखूड काच घ्यावी किंवा मुळीच घेऊ नये. जो दिवसेंदिवस महामार्गावर, थंडीतून आणि लांबवर जातो, त्याने नाकाच्या मापाची उंच काच घ्यावी. दोन्ही प्रकारच्या काचा मऊ कापडाने, साध्या साबणाच्या पाण्यानेच धुवाव्यात. पेट्रोलचा बोळा किंवा अमोनियायुक्त द्रव त्या प्लॅस्टिकला कायमचे आंधळे करतो.

माझ्या स्नेह्यांनी शेवटी काय केले, ते सांगून हे भाषण संपवतो. त्यांनी तिसरी काच आणली नाही. प्लॅस्टिकचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी ती उंच काचच बारीक दात्यांच्या करवतीने कापून नाकाच्या शेंड्याला आणली, काठ घासून गुळगुळीत केला, आणि तळाशी दोन बोटे फट ठेवली. आता ते काचेवरून रस्ता पाहतात आणि वारा त्यांच्या डोक्यावरून आपल्या वाटेने जातो. त्यांच्या पत्नीही पूर्वीसारख्या कुरकुरत नाहीत. मात्र पहिल्या प्रवासातले ते रातकिडे अजून पुरते गेलेले नाहीत. रात्री घर निजले, की ते ओरडू लागतात. काच बदलता आली, कापताही आली. कानांच्या बाबतीत ती सोय नाही.