कार्यकारणभाव : इस्लामी व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानांतील
एका घटनेमागून दुसरी घडते, ती अवश्यमेव घडते काय आणि हे अवश्यत्व वस्तूंच्या स्वभावात, ईश्वरी संकल्पात की मनाच्या सवयीत असते, हा तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. विज्ञानाची शक्यता त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने इस्लामी व पाश्चात्त्य या दोन्ही परंपरांत त्याची सखोल चर्चा झालेली आढळते.

ॲरिस्टॉटलला अनुसरून इब्न सीना (९८०–१०३७) याने, कारणसामग्री पूर्ण असता कार्य टळत नाही, असे प्रतिपादिले. अशअरी धर्मवेत्त्यांच्या मते मात्र वस्तूंचे गुण क्षणिक असून ईश्वर ते प्रतिक्षणी नव्याने निर्माण करतो. अल्-गझाली (१०५८–११११) याने तहाफुत अल्-फलासिफा या ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात हे मत तर्काच्या आधारे मांडले. अग्नीचा स्पर्श झाला असता कापूस जळतो एवढेच आपणास दिसते. अग्नीमुळे तो जळतो, हे दिसत नाही. असे असेल तर घरी ठेवलेल्या ग्रंथाचा घोडा झाला नसेल कशावरून, हा आक्षेपही त्याने स्वतःच उपस्थित केला. ईश्वराने घालून दिलेला परिपाठ व तो मोडणार नाही हे आपल्या ठायी निर्माण केलेले ज्ञान, हे त्याचे उत्तर होय. त्याच प्रकरणात वस्तूंना विशिष्ट स्वभाव असल्याचे मान्य करूनही चमत्कारांची संगती लावणारा पर्याय तो देतो. त्यामुळे त्याच्या अंतिम मताविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रहणांची गणितसिद्ध उपपत्ती धर्माच्या नावाने नाकारणे हे धर्मासच अपायकारक आहे, असेही तो बजावतो.

इब्न रुश्द (११२६–९८) याने तहाफुत अल्-तहाफुत या ग्रंथात त्याचे खंडन केले. ज्ञान म्हणजे कारणांचे ज्ञान; म्हणून कारणे नाकारणारा बुद्धीच नाकारतो. वस्तूंना नियत स्वभाव नसेल, तर त्यांची व्याख्याही संभवत नाही, असे तो म्हणतो.

यूरोपात मालब्रांश (१६३८–१७१५) याने ईश्वर हेच एकमेव खरे कारण मानले. त्याचा वाचक असलेल्या ह्यूमने (१७११–७६) अवश्य संबंध अनुभवास येत नाही, हा मुद्दा उचलला. परंतु ईश्वराच्या जागी मनाची सवय ठेवली. कांटने (१७२४–१८०४) कार्यकारणभाव हा अनुभव शक्य करणारा बुद्धीचा आकार ठरविला.

गझाली व ह्यूम यांचे विश्लेषण बरेचसे जुळते. हेतू मात्र भिन्न आहेत. एकास ईश्वराचे सर्वकर्तृत्व राखावयाचे होते, तर दुसऱ्यास मानवी ज्ञानाची मर्यादा दाखवावयाची होती. नियमितता मान्य करून अवश्यत्व नाकारता येते, म्हणून केवळ या मतामुळे निरीक्षणाधिष्ठित विज्ञान अशक्य ठरत नाही; भविष्याविषयीच्या आपल्या खात्रीचा आधार काय, हा प्रश्न मात्र उरतो.