फळ्यावर न दिसणारा खेळाडू

भातकापणी आटोपली, मळणी होऊन धान्य घरात आलं, की आमच्या पडघ्याच्या आसपासची खाचरं मोकळी होतात. मग चार-पाच दिवसांतच तिथे पोरं जमू लागतात. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, जमीन चोपून सारखी करायची आणि खेळाची पट्टी तयार करायची. बॅट एकच, चेंडू टेनिसचा, आणि भांडण मात्र रोजचं. आधी बॅटिंग कोणाची?

फिल्डिंगसाठी कोणी भांडल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे का? मी तरी नाही. जो लहान, जो नवा, ज्याच्या घरची बॅट नाही, त्याला लिंबू-टिंबू ठरवून बांधापाशी उभं करायचं. चेंडू ओढ्याकडे गेला की पळायचं त्यानं. संध्याकाळी धावा मोजतात, बळी मोजतात, पण त्याचं पळणं कोणी मोजत नाही.

आज मी तुम्हांला एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहे, की ज्याने हे कोणी न मोजलेलं काम जगाला मोजायला लावलं. त्याचं नाव एकनाथ धोंडू सोलकर.

एकनाथचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर हिंदू जिमखान्याचे मैदान आहे. १८९४ साली स्थापन झालेली ही जुनी संस्था. एकनाथचे वडील तिथे माळी होते. क्रिकेटच्या मैदानावरचा माळी म्हणजे फुलझाडांना पाणी घालणारा नव्हे. खेळपट्टीवर रोलर फिरवणं, गवत कापणं, पाणी मारणं, चुन्याच्या रेघा आखणं, हे त्याचं काम. सामना सुरू होण्यापूर्वी त्याने घाम गाळलेला असतो आणि सामना सुरू झाला की तो बाजूला होतो. सोलकरांचं बिऱ्हाड मैदानाच्याच आवारात, एका लहानशा खोलीत होतं. मोठ्यांचे सामने चालत तेव्हा एकनाथ धावफलकावरचे आकडे बदलायचं काम करी. म्हणजे पाहा, दुसऱ्यांच्या धावा फळ्यावर लावता लावता हा मुलगा खेळ शिकला!

शाळेत असतानाच त्याचं नाव झालं. भारतीय शाळांच्या संघाचा तो कप्तान झाला आणि सुनील गावसकरांसारखे पुढे गाजलेले खेळाडू त्याच्या हाताखाली खेळले. १९६९ च्या ऑक्टोबरात हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध तो पहिला कसोटी सामना खेळला. डावखुरा फलंदाज, डाव्या हाताने मध्यमगती आणि फिरकीही टाकणारा गोलंदाज. पण त्याची खरी जागा होती ती फॉरवर्ड शॉर्ट लेगची.

ही जागा कुठली, ते नीट समजून घेऊ. फलंदाजाच्या पायांकडच्या बाजूला, थोडं पुढे, अवघ्या दोन-तीन पावलांवर एक माणूस वाकून उभा असतो. फिरकी चेंडू उसळतो, बॅटच्या कडेला किंवा हातमोज्याला चाटतो, कधी आधी बॅटला आणि मग पॅडला लागून हवेत उडतो. तो जमिनीवर टेकण्याच्या आत धरायचा. आपण पापणी लववतो तेवढाच काय तो वेळ मिळतो. विचार करायला सवडच नाही. म्हणून गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, हात जमिनीलगत, आणि नजर चेंडूवर खिळलेली. फलंदाजाने बॅट उगारली की अंग चोरून मागे सरावं, असं कोणालाही वाटतं. जो सरला त्याचा झेल गेला. सोलकर सरत नसे. आणि त्या काळी डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हेही ध्यानात ठेवा.

त्या वेळी आपल्याकडे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे चार नामांकित फिरकी गोलंदाज होते. परंतु फिरकी गोलंदाज पुष्कळदा अर्धंच काम करतो. तो फलंदाजाला चुकायला लावतो. त्या चुकीचा बळी करायला जवळ कोणीतरी हात पसरून उभा असावा लागतो.

१९७१ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली आपला संघ आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये जिंकला. वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच कसोटीत, किंग्स्टनला, आपले पाच गडी ७५ धावांत गेले होते. तेव्हा दिलीप सरदेसाईंच्या बरोबरीने सोलकरने १३७ धावांची भागी केली. त्यात त्याच्या ६१, तर सरदेसाईंच्या एकूण धावा २१२. इतिहासात द्विशतकच राहिलं, आणि ते योग्यच आहे. पण एका टोकाला कोणी टिकून राहिलं, म्हणून दुसऱ्या टोकाला द्विशतक झालं, हेही खरं.

मग ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावरचा सामना. पहिल्या डावात इंग्लंडला ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात चंद्रशेखरने एड्रिचचा त्रिफळा उडवला आणि लगेच पुढच्याच चेंडूवर फ्लेचरचा झेल सोलकरने घेतला. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट अजून यायचा होता. तो आला आणि वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून, अंग जमिनीवर झोकून देऊन, त्याचा झेल टिपला. नॉट अवघ्या एका धावेवर परतला. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. २४ ऑगस्टला भारताने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरचा आपला तो पहिला कसोटी विजय. ‘चंद्रशेखर, ३८ धावांत सहा बळी’, हे आजही अनेकांना पाठ आहे. त्याच धावपत्रकात ‘झे. सोलकर’ ही दोन शब्दांची नोंद आहे, तिच्याकडे मात्र सावकाश पाहावं लागतं.

आता थोडा हिशेब मांडू. सोलकर २७ कसोटी सामने खेळला. धावा १०६८, शतक एकच, तेही १९७५ च्या जानेवारीत, वानखेडे मैदानावरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत. बळी १८. एवढंच पाहिलं तर तुम्ही म्हणाल, बरा होता. पण झेल ५३! म्हणजे दर सामन्याला जवळजवळ दोन. ऑस्ट्रेलियाचा बॉब सिम्प्सन हा मोठा झेलकरी मानला जातो. त्याचे ६२ सामन्यांत ११० झेल आहेत. भागाकार करून पाहा, प्रमाणात सोलकरच पुढे आहे.

असं असूनही १९७७ च्या जानेवारीत कलकत्त्याला त्याचा शेवटचा कसोटी सामना झाला. वय पुरतं एकोणतीसही नव्हतं. २६ जून २००५ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, मुंबईत त्याचे निधन झाले.

दूरच्या क्यूबा देशात ऊस पिकतो आणि बेसबॉल खेळला जातो. तिथला मिनी मिन्योसो लहानपणी उसाच्या मळ्यांतच वाढला. पुढे तो अमेरिकेत धंदेवाईक खेळाडू झाला आणि १९५१ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघातला पहिला काळा खेळाडू ठरला. त्याची जागा मैदानाच्या दूरच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या भाषेत बांधापाशी. पण त्या देशात १९५७ पासून उत्तम क्षेत्ररक्षणासाठी ‘सोनेरी हातमोजा’ असं वेगळं पारितोषिक देऊ लागले, आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत मिन्योसो होता. तरीसुद्धा तिथल्या थोर खेळाडूंच्या मालिकेत त्याला बसवायला २०२२ साल उजाडलं. तो २०१५ सालीच वारला होता. जिथे झेल मोजतात तिथेही मान उशिराच पोचतो, मग जिथे मोजतच नाहीत तिथलं काय?

म्हणून गुरुजींना माझी एक विनंती आहे. शाळेच्या सामन्यांच्या वहीत एक रकाना वाढवा. कोणी किती झेल घेतले, कोणी किती धावा अडवल्या, ते नावानिशी लिहा आणि प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवा. खर्च एका रेघेचा आहे. झेलाचा सराव रबरी चेंडू भिंतीवर मारूनही होतो. त्याला ना बॅट लागते, ना पॅड.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. कठीण चेंडूने खेळताना हेल्मेटशिवाय कोणत्याही मुलाला फलंदाजाच्या जवळ उभं करू नका. १९९८ साली ढाक्याला रमण लांबा हा आपला कसोटीपटू याच जागेवर, हेल्मेट न घालता उभा असताना चेंडू डोक्याला लागून गेला. सोलकरचं धैर्य डोळ्यांपुढे ठेवा, पण त्याच्या काळची उणीव मुलांच्या वाट्याला येऊ देऊ नका.

आणि उद्या संध्याकाळी खाचरावरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा. बांधापाशी उभ्या असलेल्या त्या लिंबू-टिंबूकडे पाहा. त्याने चेंडू अडवला, तर शाबास म्हणा. मोठ्याने म्हणा, म्हणजे बॅट हातात असलेल्यालाही ऐकू जाईल.