उंदराला शेपटीने उचलू नका

पिंजऱ्याचे झाकण उघडायचे, शेपटीच्या बुडाशी दोन बोटांनी धरायचे आणि उंदीर उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवायचा. जगभरच्या प्रयोगशाळांच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत चालत आली. काम क्षणाचे, दिसायला इजाही होत नाही. मग तिच्याविषयी शंका कोण घेणार? लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी ती घेतली आणि २०१० साली ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले.

त्यांनी काही उंदरांना नेहमीप्रमाणे शेपटीने उचलले, काहींना उघड्या ओंजळीत घेतले आणि काहींना पारदर्शक नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले. शेपटीने उचललेले उंदीर हात पिंजऱ्यात येताच लांब राहत. नळीची सवय झालेले उंदीर मात्र आपणहून जवळ येऊन हुंगत. नंतर त्यांची भीती मोजली गेली. त्यासाठी जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखी वाट बांधलेली असते. तिच्या दोन फाट्यांना भिंती असतात, दोन उघडे असतात. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला थांबतो, निर्धास्त उंदीर उघड्यावरही फिरून येतो. शेपटीने उचललेल्यांनी आडोसा सोडायला फारच खळखळ केली.

हीच वाट चिंतेवरची नवी औषधे पारखायलाही वापरतात, हे ध्यानात घेतले की प्रकरणाचे गांभीर्य कळते. उंदीर औषधामुळे शांत झाला की नाही हे पाहायचे, आणि त्याला चाचणीच्या जागी आणतानाच घाबरवून सोडायचे! काट्याला आधीच झोल असलेल्या तराजूने सोने तोलण्यातलाच हा प्रकार. पुढे २०१७ मध्ये केली गुव्हिया आणि हर्स्ट यांनी दाखवले, की शेपटीने उचललेले उंदीर दोन वासांतला फरक ओळखण्यातही मागे पडल्यासारखे दिसतात. नाक शाबूत असते. नव्या वासाजवळ जायलाच ते धजत नाहीत. संशोधक मात्र ‘यांना फरक कळत नाही’ अशी नोंद करून मोकळा होऊ शकतो.

तापमानाचेही असेच. अ‍ॅनिमल हाऊस साधारण २० ते २४ अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण अंगात एप्रन घालून काम करणाऱ्या माणसांना ते बरे वाटते. उंदराला शरीर ऊबदार ठेवण्यासाठी जादा ऊर्जा खर्चावी लागू नये, असे तापमान ३० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा किंवा हृदयविकाराच्या अभ्यासातला उंदीर मुळातच थंडीशी झगडत असतो. घरटे बांधायला पुरेसा कागद किंवा कापूस दिला, तर तो आपली ऊब बऱ्याच अंशी स्वतःच राखतो.

वेदना ओळखण्याची सोयही आता आहे. मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१० मध्येच उंदराच्या चेहऱ्यावरून दुखणे मोजण्याची मोजपट्टी तयार केली. मिटत आलेले डोळे, फुगलेले नाक आणि गाल, कानांची आणि मिशांची बदललेली ठेवण एवढ्या खुणा त्यात पाहतात. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक पुरेसे दिले का, याचे उत्तर त्या चेहऱ्यावर वाचता येते.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्लिश शास्त्रज्ञांनी १९५९ च्या आपल्या पुस्तकात तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा आणि जे वापराल त्यांचा त्रास घटवा. आपल्याकडचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लगेच पुढच्या वर्षीचा, १९६० चा. वैद्यकीय महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफितींनी काम भागत असेल तर प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे तो कायदा तेव्हापासून सांगतो. आज प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते आणि तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या देशात २०१४ पासून बंद आहेत.

प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग उद्या थांबवता येतील, असे मला वाटत नाही. औषध संपूर्ण शरीरात काय करते हे काचपात्रातल्या पेशी सांगू शकत नाहीत, निदान आज तरी नाही. पण म्हणूनच त्या जिवाचा एकही दिवस वाया जाता कामा नये. भेदरलेल्या, गारठलेल्या उंदराचे चुकीचे आकडे हाती येणार असतील, तर त्याचा जीव कशासाठी गेला?

नळीला मोठे अनुदान लागत नाही. पुठ्ठ्याचीही चालते, पिंजऱ्यातच ठेवता येते आणि उंदीर तिच्यात लपूनही बसतो. नीतिमत्ता समित्यांवर बसणाऱ्यांना एकच विनंती: पुढचा अर्ज मंजूर करण्यापूर्वी अर्जदाराला विचारा, उंदीर कसा उचलणार? उत्तर ‘शेपटीने’ असेल तर अर्ज परत पाठवा.